उपाशी माणसाची साखर

सातपूर, नाशिक
मार्गशीर्षातली थंडी

प्रिय बहिरूराव यांस पुंजारामचा नमस्कार आणि तुमच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या कुसाबाईचा, आशीर्वाद (तिने तो दोनदा लिहायला सांगितला, मी एकदाच लिहिला). कांद्याचं रोप कसं आहे? वहिनींचा गुडघा कळवणच्या गारठ्यात कुरकुरत नाही ना? इकडे सगळं ठीक. मध्यंतरी माझी अब्रू गेली होती, ती परत कशी आली तेवढं सांगतो.

माझी सकाळची उपाशीपोटीची साखर वाढायला लागली. तुमच्या बहिणीचं निदान तयारच होतं : नवरा चोरून गोड खातो. गुळाचा डबा शेजारच्या नाझियाभाभींकडे मुक्कामाला गेला. मी रागाने रात्रीचं जेवणच सोडलं, तर सकाळी साखर आणखी चढलेली! "न खाता येते कुठून? हवेतून?" कुसाबाईने विचारलं. (जन्मभर कारखान्यात फिटर होतो, पण हे मशीन काही कळेना.)

उत्तर निघालं आपल्या दिशाकडे. तुमची लेक आमच्याकडे राहून कॉलेजात संशोधन करते, पण ते कशावर, हे मी कधी विचारलंच नव्हतं. "आतोबा, पोट रिकामं असलं की लिव्हर स्वतः साखर तयार करतं," ती म्हणाली. "त्याला एक एन्झाइम लागतं. पेशीतली ताकद कमी पडली की एएमपी नावाचा छोटा रेणू त्या एन्झाइमच्या बाजूच्या खाचेत जाऊन बसतो आणि त्याचा वेग उतरवतो. मधुमेहात हे साखर बनवणं नीट आवरलं जात नाही. म्हणून त्याच खाचेत बसेल असा रेणू मी शोधतेय. आतापर्यंतचे सगळे नापास." कुसाबाईने हे ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूट डबा परत आणायला गेली. बहिरूराव, लग्नात हार पडला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्या आनंदात दुसऱ्या दिवशी दिशाचं जेवण घेऊन मी थेट प्रयोगशाळेत गेलो. एन्झाइम पाहायची हौस! पाहतो तर बर्फाच्या खोक्यात रुतवलेल्या बोटाएवढ्या नळ्या, आत पाण्यासारखं काहीतरी. दिशा बाहेर गेली होती. बर्फावर ताकाची बाटली गार राहील म्हणून मी नळ्या अलगद काढल्या. शेजारीच एक यंत्र होतं, त्याला नळ्यांच्या अगदी मापाची भोकं. फिटरच्या हाताला राहवतं का? एकेक नळी चपखल बसवली. जेवायला ताक बाहेर काढलं तेव्हा नळ्या परत बर्फात ठेवून दिल्या.

दुपारी दिशाने प्रयोग लावला. पडद्यावरची रेघ चढायची ती आडवीच राहिली. तिच्या मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या, "एन्झाइम थांबलं!" मीही टाळ्या वाजवल्या. दिशाचा चेहरा मात्र उतरला. "मॅडम, ज्यात रेणू घातलाच नाही, तिथेही रेघ आडवीच आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्या यंत्राकडे बोट दाखवलं. ते उकळत्या पाण्याइतकं तापलेलं होतं.

"आतोबा, तुम्ही एन्झाइम शिजवलंत!"

ती रागावली नाही, खाली मान घालून बसली, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने नवं एन्झाइम घेतलं (मला बाहेरच्या बाकावर बसवून). साध्या मिश्रणाची रेघ चढली. रेणू घातलेल्याची जेमतेम हलली. मग मिश्रण पुष्कळ पातळ केलं, तसा रेणू खाचेतून सुटला आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागलं. दिशा धावत बाहेर आली. "आतोबा, हा रेणू मारत नाही, आवरतो! असाच हवा होता. लिव्हरने साखर बनवणं सगळंच थांबवलं तर उपाशी माणूस चक्कर येऊन पडेल." औषध व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, असं तीच सांगत होती, पण सांगताना हसत होती. शिपायापासून मॅडमपर्यंत सगळे ताक प्यायले.

तुमचा,
पुंजाराम

ता. क. : "दोन वर्षांत काही निघालं नाही, आता सामान आवरून घरी ये," असं तुम्ही दिशाला फोनवर सांगितल्याचं कळलं. तर निघालंय. हाच प्रयोग आता पुन्हापुन्हा करून दाखवावा लागतो. तिला राहू द्या.

पुन्हा ता. क. : पत्र कुसाबाईने वाचलं. "माझ्या भावाला विनंत्या कसल्या करता?" म्हणाली. पोस्टात न टाकता तीच ते घेऊन उद्याच्या एसटीने कळवणला येते आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ती समोरच बसलेली असेल. बहिरूराव, आधी होकाराची मान हलवा, मग वर बघा.