अंगणातलं वऱ्हाड

४ जानेवारी, लातूर
सासूबाई (आम्ही आत्या म्हणतो) आज दुपारी पुन्हा गादी ओढत अंगणात. "भुई हालायली, बाहेर या समदे." किल्लारीचं घर भूकंपात पडून किती वर्षं झाली, आता आपण लातुरात आहोत, सगळं सांगून पाहिलं. रडल्या. मी ओरडले. तेही आमच्या मेसला जेवायला येणाऱ्या मुलींसमोर.

९ जाने.
डॉक्टरांकडे नेलं. अल्झायमर. गल्लीत कुणी म्हातारपण म्हणतं, कुणी बाहेरचं. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, बरा होत नाही. पण वाद घालू नका, त्यांना वाटणारी भीती खरी आहे. हे वाटभर आईचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. मला उलट हलकं वाटलं. म्हणजे आत्या मुद्दाम नव्हत्या करत.

१३ जाने.
पुन्हा भुई हलली. या वेळी म्हटलं, "हाव आत्या, चला." हात धरून बाहेर बसले. क्लासवरून जेवायला आलेल्या मुलीही ताटं घेऊन अंगणात. एवढ्या पोरी पाहून आत्या भूकंप विसरल्या. "वऱ्हाड आलं का गं? वाढपी कुठं गेले?" स्वतःच वाढायला उठल्या. उदगीरच्या मुलीला वरणावर वरण, ती नको नको म्हणतेय, ऐकतंय कोण. मग हळदीची गाणी. एक शब्द चुकला नाही. पोट दुखेपर्यंत हसले. किती दिवसांनी...

२० जाने.
रोज वऱ्हाड. शेजारच्या शाहीनभाभींनी सासऱ्यांचं हेच दुखणं काढलंय. म्हणाल्या, तुम्ही दोन घंटे फिरून या, मी बसते. गंजगोलाईच्या बाजारात एकटी हिंडले, बांगड्या भरल्या. परत आले तर दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्या त्यांना विहीणबाई म्हणतायत, भाभी खुशाल ओ देतायत.

२ फेब्रु.
भाभींच्या ओट्यावर अशीच माणसं सांभाळणाऱ्या आम्ही चौघी. एक मुरुडहून एसटीने आलेली. आधी रडारड, मग चहा, मग एकेकीचे किस्से. पुढच्या रविवारीही जमायचं.

११ फेब्रु.
परीक्षा झाल्या की मुली गावी जाणार. नवी बॅच जूनला. तोवर अंगण रिकामं. हे म्हणतात, उन्हाळाभर आत्यांना भोकरला दिराकडे ठेवू. मी म्हटलं, बघू.
संध्याकाळी केस विंचरताना आत्यांनी वळून पाहिलं. "तू कुणाकडची गं? नवरीकडची का नवरदेवाकडची?" मला पहिल्यांदाच विसरल्या. 
"तुमच्याकडची."
"मंग उपाशी जाऊ नको. बस माझ्याजवळ."
बसले.