धुराचे दोन रकाने

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार

मायचं आज पुन्हा तेच — "कोकिळे, सहदेव खोकलून राह्यला वं, ओसरीवर!" भर दुपारी! पोळी तव्यावर टाकून धावले. ओसरी रिकामी. "माय, तो इंग्लंडात आहे, शेफील्डले. तिथला खोकला मलकापुरात ऐकू येते का?" रागावले खरी, पण अंगावर काटा आला तो आलाच.

अन् संध्याकाळी त्याचं पाकीट! आत धुराचा काळेपणा मोजायचा पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, रेघांच्या जाळीचे चौकोन. शून्य म्हणजे पांढरा, चार म्हणजे जवळपास काळा. हात लांब करून धुराशेजारी धरायचा, रंग जुळेल तो आकडा. "ताई, दर सोमवारी दहा वाजता तू कापसाच्या जिनाचं धुराडं पाह्य, मी आमच्या कारखान्याचं. पाहू कोणाचा देश जास्त काळा!" इथे जिनात फिटर होता तेव्हाही असाच. खेळ सुचला की सुचला!

वहीत दोन रकाने आखले. आमचं — दोन. त्याचं, पत्रात लिहिलेलं — चार.

१८ जानेवारी १९६५

आमचं तीन. नदीकाठी दोन नव्या वीटभट्ट्या लागल्या. साऱ्या गावाला आता पक्की घरं पाहिजेत! दोरीवरचं लुगडं वाळेपर्यंत करडं होतं.

त्याचं पण तीन. बरोबरी.

१२ एप्रिल

त्याचं एक! "इथं धूरबंदीचा कायदा लागू झाला, ताई." अक्षर मात्र कोंबडीचे पाय. घाईत लिहिलं असेल.

माय अजून ओसरीकडे कान लावून बसते. मी आता तिकडे जायचंच सोडलं.

६ डिसेंबर

जिन पुन्हा सुरू. आमचं तीन, भट्टीचं चार. त्याचं शून्य. जूनपासून नुसती शून्यं!

सातवीच्या वर्गात फळ्यावर दोन रेषा काढल्या. इंग्लंडची उतरते, आपली चढते. मध्ये एकमेकींना छेदतात. मुख्याध्यापक रंगराव दारातूनच म्हणाले, "बाई, धूर चढते म्हंजे देश चालून राह्यला!" म्हटलं, तुमचं धोतर वाळत घाला भट्टीपाशी, मग बोला. मनातल्या मनात म्हटलं. नोकरी करायची आहे.

पोरी गेल्यावर फळा पुसवेना. ती खाली जाणारी रेषा बघत उभी राहिले. का कोण जाणे, भीती वाटली.

३१ जानेवारी १९६६

पत्रात एकच ओळ — "ताई, वापस येऊ का?"

माय हरखली. खाट बाहेर काढायला लावली. मी वही उघडून बसले. दोन वर्षं झाली, मला काय त्याला पाहावंसं वाटत नाही? खूप वाटतं! पण लहानपणापासून छातीचा नाजूक तो. शून्यातून त्याला चारात आणू?

लिहिलं — "येऊ नको. तुझी हवा सुधारली, इथली बिघडली. तिथंच राह्य." पेटीत टाकलं. घरी येताना दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

मायला सांगितलं, त्याला सुट्टी नाही. खाट आत नेली.

७ मार्च

माय म्हणाली, "आज नाही खोकलला वं." सुटलं एकदाचं!

१९ मार्च

हबीबचं पत्र. नांदुऱ्याचा, शेफील्डला सहदेवच्याच खोलीत राहणारा.

"ताई, सहदेव सात तारखेले गेला. छातीचंच होतं. तार कराची हिंमत नाही झाली. पह्यले गावाबाहेरच्या दवाखान्यात होता, तिथून धूर फिका दिसे; जूनपासून टेकडीवरच्या. तिथच्या खिडकीतून धुराडंच दिसत नव्हतं. खोटं लिवाचं नाही म्हणून शून्य लिवे. डाक्टर म्हणे, गरम मुलखात जा. बोटीचं तिकीट काढलं होतं. तुमची चिठ्ठी आली. म्हणे, ताईनं मोजून सांगतलं असन. तिकीट वापस केलं."

माय दारात उभी आहे. "काय लिवलं वं? केव्हा येऊन राह्यला?"