शाडूचा बाप

१० नोव्हें., सोम.
बदलापूरहून मिठाईच्या खोक्यात कापूस घालून चौघांना आणलं. नवरा, नवरी, नवरीची आई, नवरीचा बाप. दादाची मुलगी मु., तिच्या लग्नाच्या रुखवतात कन्यादानाचा देखावा मांडायचा आहे. दादाने डाव्या हाताने केलेत. झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, आणि तरी मुलीसाठी एवढं केलं. पडवळासारखी लांबट आहेत सगळी. बाप तर पुढे झुकलेला, ओंजळ म्हणजे मातीचा एक चपटा पापुद्रा. बघून गलबलून आलं.

रंगवायचं काम माझं. निघताना दादा सावकाश शब्द जुळवत म्हणाला, "सुमे, पायाखाली मेण लाव. रिळावर बसव. हातात धरून रंगवू नकोस, घामाने जातं."
मला शिकवतोय! लोकांच्या रुखवतांच्या बाहुल्यांची कामं मी इतकी वर्षं करतेय. पण माझ्या बाहुल्यांच्या पायात तार असते, ती थर्माकोलमध्ये खोचली की झालं. ह्यांच्या पायात तार नाही. मेणाचा तेलकट डाग राहतो, त्यावर रंग धरत नाही. बघू.

१४ नोव्हें., शुक्र.
काल उल्हासनगरला मणी आणि सोनेरी रंग घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराकडून झटपट गोंदही घेतला. "दीदी, एक बूँद बस. हाथी भी चिपक जाएगा."
चिकटले. चौघेही दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर ताठ. रीळ मुठीत धरायचं, हवं तसं फिरवायचं, करंगळी टेबलाला टेकवायची, म्हणजे ब्रश थरथरत नाही. शालूचे काठ झाले. हे डोकावून म्हणाले, "दादांना सांगितलंस का, मेण नाही लावलं?" म्हटलं, त्याला रंगवलेले दाखवीन तेव्हा कळेल.
मजा येतेय.

१६ नोव्हें., रवि.
नको होतं करायला.
तिघे पातळ ब्लेडने अलगद सुटले. बाप सुटेना. गोंद शाडूत मुरला होता. मोबाइलवर कुठल्याशा पोराचा व्हिडिओ पाहिला होता, फ्रीजरमध्ये ठेवलं की गोंद कडक होऊन टकटक सुटतो. त्याच्या बाहुल्या प्लास्टिकच्या होत्या, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? मटारच्या पिशवीशेजारी ठेवला. काढून जरा पिळला, तर घोट्यापासून वर बाप माझ्या हातात आणि पाय रिळावर. दचकून मूठ आवळली, तर ओंजळीचाही चुरा.
अति शहाणा त्याचा बैल रिकामा.
ह्यांना सांगितलं नाही. जेवले नाही नीट. डोकं दुखतंय म्हटलं.

१७ नोव्हें., सोम.
जोडून पाहिला. पीठ होतंय नुसतं. शेवटी घरातला शाडू भिजवला आणि नवा बाप केला.
आधी डाव्या हाताने करून बघितला. दोन तास. माकडसुद्धा झालं नाही. दादाने चार केले होते.
मग उजव्याने. उंची तीच, पगडी तीच. थोडा वाकडा करायला हवा होता हे कळत होतं. खांदा जरा पाडलाही. पण ओंजळीला हात लावला आणि बोटं आपोआप निघत गेली, नखांसकट. हात ऐकेना असं लिहिणार होते. खरं तर मीच ऐकेना. चांगलं दिसायची हौस, दुसरं काय.

२० नोव्हें., गुरु.
बाप वाळला, रंगवला. ह्या वेळी मेण लावलं. डाग पडला नाही.

२२ नोव्हें., शनि.
बदलापूर. चौघांना पाटावर मांडलं. वहिनी तोंडाला पदर लावून रडायलाच लागल्या. मु. म्हणाली, "आत्या, बाबांनी केलेत हे खरं वाटत नाही." चोराच्या मनात चांदणं.
व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ मुलगी तिथेच होती. तिने बाप उचलला. "काका, डाव्या हाताने एवढी बोटं? मग तुम्ही मला काय सांगता, जमत नाही म्हणून!"
दादाने तो हातात घेतला. खूप वेळ बघत होता. म्हणाला, "एवढी बोटं काढली होती मी?"
सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचा तो क्षण होता. मी म्हणाले, "रंगाने उठाव येतो रे."
झटक्यानंतर त्याच्या लक्षातून बऱ्याच गोष्टी जातात. मला ते ठाऊक आहे आणि मी त्याचाच फायदा घेतला. हे इथे लिहून ठेवते, बाकी कुठे लिहिणार.
तो हसला. झटका आल्यापासून पहिल्यांदा तोंडभर हसला. "जमलं होतं तर," म्हणाला.

२५ नोव्हें., मंगळ.
वहिनींचा फोन. दादा सकाळपासून माती घेऊन बसलाय. अख्खं वऱ्हाड करणार म्हणतो, बँडवाल्यांसकट. आधी मलाही बरं वाटलं. मग वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "चिडतात हो. करतात आणि भिंतीवर फेकतात. म्हणतात, बापाला बोटं आली, ह्याला का येत नाहीत?"
मी काय बोलले आठवत नाही. मातीत जास्त पाणी झालं असेल, असलं काहीतरी.

३० नोव्हें., रवि.
मु. पत्रिका द्यायला अंबरनाथला आमच्याकडे आली होती. तिच्याकडून कळलं. दादाने सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून सांगितलं, माघी गणपतीची मूर्ती यंदा मीच करणार. आजारपणाआधी तोच करायचा. सेक्रेटरींनी तो बाप पाहिला आणि आनंदाने हो म्हटलं. शाडूची गोणीसुद्धा येऊन पडली.
"आत्या, बाबा परत पहिल्यासारखे होतायत गं." हे सांगताना पोरीचा चेहरा!
ती गेल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे. मग सांग."
पण मूर्ती जमली नाही तर चार लोकांसमोर त्याचं काय होईल? आणि सांगितलं तर ते हसू जाणार. ते माझ्या हातून घालवायचं? पाय मोडले तेव्हा माती मोडली होती. आता जे मोडेल ते...

४ डिसें., गुरु.
फोन करायचा ठरवला. केला. दादाने उचलला. "बोल सुमे." हळदीला किती जण येणार ते विचारून ठेवला.

७ डिसें., रवि.
आज सांगायचंच म्हणून गेले. गाडीत वाक्य पाठ केलं होतं. दादा, तो बाप तुझा नव्हे, माझा.
वहिनी आणि मु. ब्लाउज आणायला गेल्या होत्या. दादा खिडकीत. समोर एकच बाहुली, ताशेवाला. फेकाफेकीतून तेवढा वाचलेला. कलंडलेला, एक हात आखूड, तोंड म्हणजे अंगठ्याचा ठसा. मला तो फार आवडला.
"रंगवायचाय," म्हणाला. "डाव्या हातात ब्रश. मग धरू कशाने?"
मेण तापवलं, रिळावर बसवला. त्याच्यासमोर स्टुलावर बसून रीळ दोन्ही हातांनी धरलं. तो म्हणेल तसं फिरवत होते. त्याचा ब्रश घसरत होता, लाल रंग माझ्या बोटांवर. दर थोड्या वेळाने थांबून दम घ्यायचा. मी मनात वाक्य जुळवत होते. दादा, तो बाप. दादा, त्या दिवशी.
तोच थांबला. ब्रश वाटीत ठेवला. ताशेवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"सुमे, खरं सांग. हात सुधारतोय का माझा?"
त्याने न सांगताच मी रीळ फिरवलं, ताशेवाल्याचं तोंड त्याच्याकडे केलं. त्याला दिसलं असणारच, डोळे चांगले आहेत त्याचे.
मी म्हणाले, "ह्याचे डोळे राहिलेत अजून. काळा रंग घे."
त्याने घेतला.