इंगरच्या वडिलांची नाटकं आणि माझं बोट

बॉथेल, १४ ऑक्टोबर

चि. इला,

आधी ती उंच बाई आली, मागून तिचा दाढीवाला सोबती. आशीर्वाद मागाहून देते, आधी हे ऐक. दोघांनी न सांगता दारात बूट काढले गं! मी तिथेच खूश. चहा विचारला तर बाई म्हणाली, कागदांजवळ नको. पेनसुद्धा पिशवीत ठेवलं, हातात नुसती पेन्सिल. आणि पूजेला बसावं तसे हात धुऊन, पुसून घेतले.

बरं, आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला आराम पडो. केदार, आश्लेषा, उर्वी सगळे मजेत.

कुठले कागद म्हणशील. शेजारची इंगर, कुत्र्याला घेऊन येते ती, माझ्याच वयाची. तिचे वडील डेन्मार्कहून इथे आलेले. दिवसा सुतारकाम, आणि आपल्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत नाटकं लिहायचे. छापली कधीच नाहीत, हातानं लिहिलेली एकच प्रत. तिच्या तळघरात पाणी शिरलं तशी केदारने खोकी आपल्याकडे आणून ठेवली. डॅनिश नाटकांचे जुने कागद जपणारी एक संस्था आहे, तिथली ही दोघं. बरी वाटली तर नेणार, नाहीतर पुन्हा ते ओलं तळघर.

बाई एकेक पान उलटत होती आणि मी पुसलेलाच ओटा पुसत होते. आश्लेषा म्हणाली, "आई, बसा की जरा." कशी बसू?

निघालंच ते पान. बाई थांबली. "व्हॉट इज धिस?"

हळदकुंकू गं. दसऱ्याचं. घरात कुणाच्या हातचं अक्षर आलंय आणि सरस्वतीपुढे मांडायचं नाही, असं आपल्याकडे कधी झालंय का? उर्वीच्या पुस्तकांशेजारी खोक्यातली ही नाटकाची वहीपण मांडली आणि बोट टेकलं. नेमकं नाटकाच्या नावावर. मला इंग्रजीच कसंबसं येतं, ते डॅनिश कुठून वाचणार!

उर्वी म्हणाली, "आजी ब्लेस्ड इट." दाढीवाल्याने कपाळाला हात लावला. पुसायला गेलो तर शाईही जाईल, म्हणे.

तशी इतका वेळ खुर्चीत बसलेली इंगर उठली. "कुणी पुसणार नाही! बाबांच्या नाटकाला जन्मात कुणी फूल वाहिलं नाही, शरयूने वाहिलं. न्यायचं तर असंच न्या, नाहीतर राहू दे." माझा जीव सुपाएवढा झाला. पण मी तिची बाही ओढतेय, अगं बाई, गप्प बस, पुन्हा पाण्यात जातील! ऐकते कुठली.

बाईने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. उर्वीने वाचून दाखवलं, "लाल-पिवळी खूण, शेजारच्या आजींनी केलेली पूजा." मग बाई म्हणाली, साहेबांना विचारावं लागेल.

तेव्हापासून घास उतरत नाही. साहेब नको म्हणाले तर? पण निघताना बाई म्हणाली, "पेटी घेऊन येतो." पेटी घेऊन, म्हणजे नेणारच ना गं? की आपलं बोलायचं म्हणून?

कुंकवाचा करंडा वरच्या फळीवर ठेवायला लावलाय. माझा हात पोचत नाही तिथे.

तुझी, बोट आवरून बसलेली,
शरयूआक्का

ता.क. पुढच्या गुरुवारी येतो म्हणालेत. नेमकी भाऊबीज.