बटाट्याचा वाफा 'निसर्गाचा दुर्मिळ ठेवा' या पदवीतून मोकळा करणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
उत्तर मृदा संशोधन केंद्र,
पिनेगा नदीकाठ शाखा.

विषय : माझ्या वाफ्याभोवतीची दोरी काढून बटाटे लावू देणेबाबत.
संदर्भ : वाफ्यात रोवलेली आपली पाटी, दि. १४ मे.

महोदय,

मी, ग्लाफिरा सेम्योनोव्ना, वय ७१, निवृत्त पोस्टवाली, सविनय कळविते की,

१. एप्रिलमध्ये आपले संशोधक वेनियामिन स्कीवरून माझ्या दारी आले. "आजी, जंगलातली, कोणी हात न लावलेली माती हवी," म्हणाले. मी म्हटले, "न्हाणघराच्या मागे जंगलच आहे, हवी तेवढी खण बाबा." मागे बर्फ कमरेएवढा होता, न्हाणघरापुढची, माझ्या बटाट्याच्या वाफ्याची जमीन मात्र उघडी पडली होती. त्यांनी तीच खणून तीन बादल्या नेल्या. बर्फ तिथेच आधी का वितळला, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसाला पडू नये?

२. मी चौकशीला केंद्रात गेले असता, सदर माती दहा वेळा गोठवून दहा वेळा वितळवल्याचे समजले. महोदय, आमच्याकडे गोठवण्याचे काम ऑक्टोबर ते मे फुकटात होते. गोठल्यावर मातीतला कस सुटून पाण्यात उतरतो, असे सांगून त्यांनी मला तपकिरी पाण्याची बरणी दाखवली. चांगला कडक चहा दिसत होता. कस माझा आणि बरणी यांची!

३. पुढे त्यांनी मातीत आम्ल ओतले. इकडची माती मुळातच आंबट. तिचा आंबटपणा घालवता घालवता आमचा जन्म गेला, आणि हे विकतचा आणून घालतात! पण माती नुसती फसफसली, आंबट काही होईना. तीन बाटल्या रिचवल्या तिने. लगेच वेनियामिन धावत माझ्याकडे. "आजी, ही माती अद्भुत आहे!" वाफ्याभोवती दोरी बांधली, पाटी रोवली : 'निसर्गाचा दुर्मिळ ठेवा. खणू नये, पेरू नये.'

४. दुर्मिळ ठेवा, डोंबल! माझे पती कै. निकिफोर दर मार्चमध्ये न्हाणघराच्या चुलीतली बर्चची राख तिथल्या बर्फावर फेकीत. त्याने बर्फ लवकर वितळतो आणि मातीचा आंबटपणा मरतो. चाळीस वर्षे फेकली. मी म्हणायचे, "अहो, बर्फाला काळं फासून काय मिळतं तुम्हाला?" ते म्हणायचे, "बटाटे." ते गेल्यापासून दोन वर्षे मी फेकते. खांदा दुखतो, पण फेकते.

५. जूनच्या पहिल्या आठवड्यात बटाटे लावले गेले नाहीत, तर हिवाळ्यात मी आपली पाटी उकडून खाऊ काय? मोड आलेले बियाणे खिडकीत ताटकळले आहे. तरी दोरी तात्काळ काढावी. आम्ल न पाजलेली माती आणि ते बरणीतले पाणीसुद्धा परत करावे, मी वाफ्यात ओतीन.

६. आपल्या अहवालात या मातीचे कौतुक खुशाल राहू द्यावे, माझी हरकत नाही. फक्त जिथे जिथे 'निसर्ग' लिहिले असेल, तिथे तो खोडून 'निकिफोर' लिहावे, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराची आणि बादल्यांची वाट पाहणारी,
ग्लाफिरा सेम्योनोव्ना
मु. ओल्खोवो, दि. २१ मे

सोबत : राखेची डबी, एक. वेनियामिन यांना ओळख पटावी म्हणून.