सासरे पंखा घेऊन आले तेव्हा

काशीद, मंगळवार संध्याकाळ

स्वतःचीच लाज वाटतेय. आरोग्याच्या बैठकीत बायकांना दटावणारी मीच. ‘योनी’ म्हणा, ‘खालची जागा’ काय म्हणता? आज बैठक आमच्याच घरी होती. मी बोलत असताना सासरे पंखा घेऊन आत आले. माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि तोंडातून निघालं, “खालची जागा.” उकडतंय म्हणून बिचाऱ्यांनी पंखा आणला, लावला आणि लगेच गेलेसुद्धा. तरी मी शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले. का?

शेजारची सुमनमावशी सकाळी म्हणाली होती, “आज इचारते गो, लय दिस तरास हाय.” बैठक संपली तशी काही न विचारताच उठली. नंतर मी विचारलं, तर चपला शोधत म्हणाली, “न्हाय गो, काय न्हाय.”

उद्या तिच्याकडे जायलाच हवं. पण कुठल्या तोंडाने?