पेटी सुरू झाल्यावर

नाना,

घरात कॉम्प्युटर आला, ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. पेटी एक, टीव्हीसारखा पडदा एक, अक्षरांची पाटी एक, हातात धरून सरकवायचा उंदीर एक, करंट कमीजास्त झाला तर सांभाळणारा स्टॅबिलायझर एक, आणि वर धूळ बसू नये म्हणून दुकानदाराने फुकट दिलेलं प्लास्टिकचं झाकण. सगळं मिळून सव्वीस हजार पाचशे, टेम्पोचं भाडं वेगळं. आकडा ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता. पण त्यातले निम्मे तुमच्या नातीने दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले होते. ती आता नगरच्या एका छापखान्यासाठी घरी बसून लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून देते. मी पेटीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. ती सारखी म्हणत होती, "आई, पाणी आत जाऊ देऊ नकोस गं." तुम्ही खंडेनवमीला गिरणीच्या इंजनाला हार घालायचात, तेव्हा त्या इंजनाच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं तरी त्याला काही होत नव्हतं. हे यंत्र नाजूक आहे.

आणि सावकाश. पत्रिकेच्या वरचा गणपती पडद्यावर सोंडेपासून उमटायला लागायचा, तो उंदरापर्यंत पोचेतो माझी एक पोळी लाटून भाजून व्हायची. वैशाखातल्या तिथी जवळ आलेल्या, छापखान्याचा माणूस दिवसाआड दारात. एक दिवस ती कॉम्प्युटरच्या क्लासातून आली ती सांगतच. पेटी सुरू होताना एक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो, त्यात यंत्राच्या वेगाचा आकडा असतो, तो आपल्याला वाढवता येतो. कंपनीने ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त पळवायचं. पण सर म्हणाले जपून, आतला भाग तापतो.

मी विचारलं, "पैसे पडतात का?"

"एक पैसाही नाही."

"मग वाढव की! बसून काय राहिलीस? आणि तापायला काय झालं, आत पंखा आहे ना?"

तिने एक पायरी वाढवला. गणपती खरंच झटकन यायला लागला. मला काय आनंद झाला नाना, फुकट मिळालेल्या गोष्टीचा मला होतो तेवढा कुणाला होत नसेल. चार दिवसांनी मीच म्हटलं, अजून एक पायरी चढव. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, मागल्या वेळी चढवलंस तेव्हा काय बिघडलं? तिने चढवलं, आणि पेटी बंद करून पुन्हा लावली तर पंखा फिरतोय, हिरवा दिवा लागलाय, आणि पडदा काळा. पुन्हा लावली, काळा. आकडा खाली आणावा तर तो निळा पडदाच येईना.

मला तेव्हा तुमची काष्टीची पिठाची गिरणी आठवायला हवी होती. बाजारचा दिवस आहे, दारात पायल्या आणि डबे रांगेत, आणि एक बाई पालथ्या पाटीवर बसून तुम्हाला ओरडतेय, "ओ नाना, वाढवा की जरा इंजन! माजी बैलगाडी चालली." तुम्ही पट्ट्यावर हात न ठेवता नुसतं तिच्याकडे बघताय. "वाढवतो की. मंग घरी जाऊन भाकरी थापताना तुटली, तर मला शिव्या देऊ नगंस. जात्याला घाई झाली की पीठ जळतं, बाय." सगळी रांग हसते. मी फळीवर बसून हे ऐकलंय, एकदा नाही, दर बाजारी. मॅट्रिकला बसले तोवर ऐकलंय. आणि वेळ आली तेव्हा, फुकट आहे ना, मग वाढव.

पोरीने घाबरून पेटी उघडली, हे काढ, ते काढ, वायरी सोड, असं केलं. तेवढ्यात हे सुप्याच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते, बूट काढायच्या आधी यांना सगळं दिसलं. उघडी पेटी, जमिनीवर वायरी, पोरीचे लाल डोळे. हे रागीट नाहीत नाना, तुम्ही बघूनच दिली होतीत मला. पण कारखान्यात यंत्राला विनापरवानगी हात लावला की माणूस घरी जातो, तीच यांची शिस्त.

"कुणी सांगितलं होतं तुला असल्या उचापती करायला?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत होते. ताटात खडा नव्हता, तरी मी तो शोधत राहिले.

"कुणी नाही," ती म्हणाली.

"मनानंच ना? मग झालं. रविवारी दुकानदाराला नेऊन देतो, मिळेल तेवढ्याला. आणि ते पत्रिकांचं कामही बास. छापखान्याला सांगून टाक."

ती उठून आत गेली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार, माझा उपास. हे कामावर गेल्यावर देवापुढे बसले, पण जपात मन लागेना. सारखा तुमचा आवाज. आठ-नऊ वर्षांची होते, तुमच्या इंजनाची तेलाची नळी खेळताना मी सोडली होती आणि इंजन घरघरून बंद पडलं होतं. तुम्ही मला समोर उभं केलंत. "इंजनाला काय इचारायचं? हाताला इचार. शेवटचा हात कुठं लावलास?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा तुम्ही आयुष्यात एकदाच मला झिडकारलंत. "हात तुजा हाय. तुला म्हाईत न्हाई, तर काय मला म्हाईत असनार?" मग परात आणलीत, एकेक नट काढून ओळीने मांडलात, आणि ज्या क्रमाने काढला त्याच्या उलट्या क्रमाने माझ्याकडून बसवून घेतलात. एका वेळी एकच. मधे इंजन लावून बघायचं. मी सासरी जाताना तुम्ही मला पेच काढायचा लाकडी मुठीचा डिसमिस दिला होतात, भांड्यांच्या रुखवतात तो बघून सासरच्या बायका हसल्या होत्या. मीही लाजले होते.

तोच काढला. परात घेतली. पोरीला हाक मारली.

"चल, बस. शेवटचा हात कुठं लावलास सांग."

ती कोरडी म्हणाली, "बटणाला. पण 'चढव' कोण म्हणालं, ते नको का विचारायला?"

मी परात तिच्यापुढे सरकवली. ती बसली.

आधी पेटीचे काढलेले पेच परातीत ओळीने मांडले, तिने सोडलेल्या वायरी एकेक करून जागच्या जागी लावल्या. मग ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून क्लासच्या सरांना फोन करून आली. सर म्हणाले, आत रुपयाएवढा गोल सेल आहे, त्याच्या जोरावर यंत्र शेवटचा आकडा लक्षात ठेवतं. प्लग काढा, सेल काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे ते विसरेल आणि कंपनीच्या वेगाला परत येईल. सेल परातीत ठेवला. ती घड्याळ बघायला लागली. मी म्हटलं, घड्याळ कशाला, माझ्या दोन माळा होऊ देत. माळ ओढता ओढता एक डोळा उघडून बघते तर पोरगी गालातल्या गालात हसत होती. "आई, जपात लक्ष दे. नाहीतर सेल अर्धवट विसरेल."

दोन माळा झाल्या, सेल बसवला, बटण दाबलं. काळा. तिचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, सेलच्या आधी हात कुठं लावला होतास? आठव. तिने बोटं मोजली. काल घाबरून मेमरीची पट्टी काढली होती, परत खोचली होती. तिथे बोट लावलं तर एक टोक खाचेतून वर आलेलं. अंगठ्याने दाबलं, कट् असा आवाज झाला. मग बटण. पेटी एकदा बारीक टुं करून ओरडली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. तिने मला मिठीच मारली, परातीतले पेच घरभर. गणपती पुन्हा सावकाश आला, सोंडेपासून. दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

हे संध्याकाळी आले. पेटीचा आवाज ऐकून दारातच थांबले.

"झाला सुरू? कुणी केला?"

"आईने," ती म्हणाली.

"आता तीच राहिली होती!" हे हसले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "राहू दे मग घरात. पण परत मनानं काही केलंस तर याद राख."

"हो पप्पा."

नाना, आदल्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं होतं. या वेळी पाहिलंच नाही. माझ्याकडून काही यायचं नाही असं तिने धरूनच टाकलं होतं. ते मला सोसलं नाही. मी चहाचा कप यांच्या हातात देता देता म्हटलं, "अहो, तिनं मनानं नव्हतं केलं. मी सांगितलं होतं. दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर ती नको म्हणत होती."

हे कप धरून उभे. "मग काल गप का बसलीस?"

मी म्हटलं, "चहा निवतोय."

यांनी चहा प्यायला, पोरीच्या डोक्यावर टपली मारली आणि आत गेले. तिने पाटीवर टकटक सुरू केली. थोड्या वेळाने मान न वळवता म्हणाली, "आई, ही पत्रिका वाच ना. मुलीच्या आईचं नाव राहिलंय का बघ." राहिलं होतं. आम्ही घातलं.

सगळं नीट झालं, हे आता हसून चारचौघांत सांगतातही. तुम्हाला लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मी खरं बोलले, पण पेटी सुरू झाल्यावर बोलले. रागवायला कारण उरलं नव्हतं तेव्हा. ती बंदच राहिली असती, रविवारी टेम्पोत चढली असती, पोरीचं काम गेलं असतं, तर मी तोंड उघडलं असतं का, हे मला अजून ठाऊक नाही. तिला विचारायचा धीर नाही, आणि देव जपाच्या मधे उत्तर देत नाही. पाकिटावर पत्ता काय घालणार, म्हणून हे पत्र टपालात पडायचं नाही, ते कळतं मला. तरी विचारते. असं उशिरा बोललेलं तुम्ही खरं धरता का, ते मात्र उलट टपाली कळवा.